रोलर कोस्टर कशाला म्हणावे? : एक लक्षणविचार

(तृतीय वर्ष कला, तत्त्वज्ञान)

तर्कशास्त्राच्या तासाला 'लक्षण' हा विषय निघाला की गायीचे उदाहरण ठरलेले असते. गाय म्हणजे काय? 'तपकिरी रंगाचा प्राणी' असे म्हटले तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात. हा अव्याप्तीचा दोष. 'शिंगे असलेला प्राणी' म्हटले तर म्हैस आणि शेळीही आत शिरतात, ही अतिव्याप्ती. 'अखंड खुराचा प्राणी' म्हटले तर जगातील एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. शेवटी मानेखाली लोंबणारी पोळी हे गायीचे असाधारण लक्षण ठरते आणि तास संपतो. उदाहरण उत्तम आहे, पण ते इतके घासले गेले आहे की त्यात विचार करायला काही शिल्लक आहे असे विद्यार्थ्यांना वाटत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखात हीच कसोटी अगदी निराळ्या वस्तूला लावून पाहण्याचे योजले आहे. ती वस्तू म्हणजे रोलर कोस्टर. चित्रपटात, जाहिरातीत किंवा प्रत्यक्ष उद्यानात ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पाहिल्याबरोबर आपण तिला ओळखतोही. पण 'कशावरून ओळखले?' असे कोणी विचारले की पंचाईत होते. आकाशपाळणा रोलर कोस्टर नव्हे, हे कोणीही सांगेल. जत्रेतील 'कोलंबस' नावाचा मोठा झुलणारा पडाव, तोही नव्हे. मग त्याच जत्रेत चढउताराच्या रुळांवर गोल फिरणारी ड्रॅगन ट्रेन? येथे मात्र आपण अडखळतो. हे अडखळणेच विचाराला चालना देणारे आहे.

१. नावावरून अर्थ कळतो काय?

वस्तूचा अर्थ नावात शोधण्याची आपली सवय असते. या बाबतीत नावे मात्र गमतीदार आहेत. फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन या भाषांत या खेळाला 'रशियन डोंगर' अशा अर्थाचे नाव आहे. खुद्द रशियन भाषेत त्याला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात. जर्मन लोक 'आख्टरबान' म्हणजे आठाच्या आकड्यासारखी वाट असे म्हणतात, मग ती वाट प्रत्यक्षात कोणत्याही आकाराची असो. यांपैकी एकाही नावात वस्तूचे लक्षण नाही. दोन नावांत तिचे माहेर सांगितले आहे (आणि तेही एकमेकांवर ढकलले आहे!), तर तिसऱ्यात एका जुन्या नमुन्याचा आकार तेवढा आहे.

इंग्रजी नावातील 'कोस्ट' हे क्रियापद मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. जोर न लावता, आधी मिळालेल्या गतीवर किंवा उतारावर आपोआप पुढे जाणे असा त्याचा अर्थ. उतार लागला की आपण सायकलचे पॅडल मारणे थांबवतो आणि सायकल सोडून देतो, ती क्रिया म्हणजे 'कोस्ट' करणे. या शब्दाकडे पुढे परत यावे लागणार आहे.

२. जन्मकथा

सतराव्या-अठराव्या शतकांत रशियात, विशेषतः सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात, हिवाळ्यात लाकडाचे उंच सांगाडे उभारून त्यांवर पाणी ओतीत. पाण्याचे बर्फ झाले की त्या उतारावरून लोक घसरत खाली येत. यांतील काही सांगाडे वीस मीटरहून उंच असत. सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिच्यासाठी ओरानियेनबाऊम येथे अशी घसरण बांधण्यात आली आणि तिच्यावरून उन्हाळ्यातही चाकांच्या गाड्या सोडता येत. ती घसरण आज नाही, पण तिच्या माथ्यावरची रिनाल्डी या वास्तुशिल्पकाराने बांधलेली देखणी वास्तू अजून उभी आहे.

१८१७ साली पॅरिसमध्ये हा खेळ सुरू झाला. तेथे बर्फाचा भरवसा नव्हता, म्हणून गाड्यांना चाके आली. आणि गाडी वाटेवरून उडून जाऊ नये म्हणून चाकांचे आस कडेच्या खाचांत अडकवण्याची युक्तीही आली.

अमेरिकेतील कथा कोळशाच्या खाणीतून सुरू होते. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ साली खाणीपासून नदीपर्यंत सुमारे चौदा किलोमीटरचा उताराचा लोहमार्ग घालण्यात आला. कोळशाने भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनाने खाली येत. रिकाम्या वाघिणी वर ओढून नेण्यासाठी खेचरे असत आणि उतरताना त्या खेचरांनाही एका वाघिणीत बसवून खाली आणीत! पुढे दोन ठिकाणी वाफेच्या यंत्रांनी वाघिणी वर खेचण्याची सोय झाली. नंतर कोळशासाठी दुसरा मार्ग निघाला, तेव्हा हा जुना मार्ग केवळ हौशी प्रवाशांसाठी चालू राहिला आणि १९३३ पर्यंत चालला.

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे १८८४ साली लामार्कस थॉम्पसन याने पाच सेंट भाड्यात असाच प्रवास सर्वसामान्य माणसाला देऊ केला. त्याचा मार्ग सुमारे १८० मीटर लांब, आरंभीची उंची सुमारे १५ मीटर आणि वेग ताशी अवघा दहा किलोमीटर. एका टोकाला पोचल्यावर लोकांना उतरावे लागे, नोकर गाडी दुसऱ्या चौथऱ्यावर ढकलीत, आणि मग परतीचा प्रवास. त्याच वर्षी चार्ल्स अल्कोक याने मार्गाची दोन टोके जोडून गाडी निघाल्या जागी परत आणली, तर १८८५ साली फिलिप हिंकल याने प्रवाशांसकट गाडी यंत्राने वर ओढून नेण्याची व्यवस्था केली. जॉन मिलर या अभियंत्याने रुळाच्या खालच्या बाजूस घट्ट बसणाऱ्या चाकांचे पेटंट १९१९ साली मिळवले. त्यामुळे गाडी रुळांवरून वर उचलली जाण्याची भीती गेली आणि तीव्र उतार शक्य झाले. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९५९ साली पोलादी नळ्यांचे रूळ आले.

आता असे पाहा, की पहिला रोलर कोस्टर कोणता? बर्फावरची घसरण चालत असेल तर मान रशियाचा; चाके हवीत म्हणाल तर ओरानियेनबाऊम किंवा पॅरिसचा; हौशी प्रवाशांसाठी असला पाहिजे, लोहमार्ग हवा आणि तिकीटही सर्वांच्या आवाक्यातले हवे म्हणाल तर थॉम्पसनचा. इतिहासाचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. व्याख्या न ठरवता 'पहिला कोण' यावर भांडणे व्यर्थ होय.

३. जी लक्षणे वाटतात, पण नसतात

(अ) वेग आणि उंची : सामान्य माणूस प्रथम हेच सांगेल. पण थॉम्पसनची गाडी माणसाच्या दुडक्या चालीने जात होती. पेनसिल्व्हेनियातील आल्टूना येथे १९०२ साली बांधलेला 'लीप द डिप्स' हा आजवर टिकून राहिलेल्यांत सर्वांत जुना मानला जातो. त्याची उंची जेमतेम साडेबारा मीटर आहे. वेगाची अट घातली तर घराण्याचा मूळपुरुषच घराबाहेर जातो. ही अव्याप्ती.

(आ) उलटे होणे : प्रवाशांना डोके खाली, पाय वर करून फिरवणारे वेढे हे अनेकांना रोलर कोस्टरचे सर्वस्व वाटते. असे प्रयोग एकोणिसाव्या शतकातही झाले. १८९५ साली कोनी आयलंडला 'फ्लिप फ्लॅप' नावाचा पूर्ण वर्तुळाकार वेढा होता. पण सरळ वाटेवरून एकदम वर्तुळात शिरताना प्रवाशांच्या मानेला जबर हिसका बसे आणि तो प्रयोग टिकला नाही. हा प्रश्न समाधानकारकपणे सुटला तो १९७६ साली, कॅलिफोर्नियातील 'रेव्होल्यूशन'मध्ये. तेथे वेढ्याला वर्तुळाऐवजी पाण्याच्या थेंबासारखा आकार देण्यात आला, म्हणजे वळण हळूहळू घट्ट होत जाते आणि हिसका बसत नाही. मधल्या काळात एकही वेढा नसलेले कितीतरी कोस्टर गाजले. तेव्हा हेही लक्षण नव्हे.

(इ) वाटेची दोन टोके जुळणे : थॉम्पसनच्या मार्गाची जुळत नव्हती. १९७७ पासून आलेल्या कित्येक कोस्टरांतही गाडी एका टोकाला चढून त्याच वाटेने उलटी परत येते.

(ई) रूळ : १९२९ साली ओहायो राज्यातील डेटन येथे 'फ्लाइंग टर्न्स' नावाचा कोस्टर आला. त्यात रूळ नव्हतेच. पन्हळीसारख्या लाकडी वाटेतून गाडी मोकळी धावे आणि वळणावर आपोआप भिंतीवर चढे. रुळांची अट अव्याप्त, आणि ती अतिव्याप्तही आहे. आपली नेरळ-माथेरान गाडी पाहा. १९०७ साली सुरू झालेल्या या गाडीला रूळ आहेत, चढउतार आहेत, वळणे तर पावलोपावली आहेत, आणि लोक तीत हौसेने बसतात. तरीही तिला कोणी रोलर कोस्टर म्हणणार नाही. का म्हणणार नाही, याचे उत्तर सापडले की आपले निम्मे काम झाले.

४. सोडून दिलेली गाडी

माथेरानच्या गाडीला इंजिन आहे. ते चढावर ओढते, सपाटीवर ओढते आणि उतारावरही गाडी त्याच्याच ताब्यात असते. रोलर कोस्टरचे तसे नाही. त्याला एका ठिकाणी वर चढवतात आणि सोडून देतात. पुढचा सारा प्रवास त्या एका चढाईच्या शिदोरीवर चालतो.

याचा हिशेब शालेय भौतिकशास्त्रातला आहे. उंचीवर नेताना गाडीत साठलेली स्थितिज ऊर्जा उतरताना गतिज ऊर्जेत बदलते. घर्षण सोडून दिले तर वेगाचा वर्ग हा गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असतो. म्हणजे ३० मीटर खाली आलेल्या गाडीचा वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर होतो. उंची दुप्पट, म्हणजे ६० मीटर, केली तर वेग दुप्पट होत नाही. तो ताशी सुमारे १२३ किलोमीटर होतो. सूत्रात वजन नाही, हेही ध्यानात घ्यावे. प्रत्यक्षात मात्र घर्षण आणि वारा वाटेत आपला कर वसूल करतात. म्हणूनच साखळीने वर नेलेल्या कोस्टरात पहिली टेकडी बहुधा सर्वांत उंच असते आणि पुढच्या टेकड्या ठेंगण्या होत जातात. ही काही केवळ सौंदर्यदृष्टी नव्हे, ती जमाखर्चाची गरज आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. आधुनिक कोस्टरांत कधी कधी आरंभी टेकडी नसतेच. गाडीला सपाटीवरच जोराचा धक्का देऊन फेकतात. न्यू जर्सीतील 'किंगडा का' (२००५) याचे उदाहरण घेऊ. त्याची उंची १३९ मीटर होती. तेवढे चढायला वरच्या सूत्राप्रमाणे पायथ्याशी ताशी सुमारे १८८ किलोमीटर वेग लागतो. गाडी फेकली जाई ती ताशी २०६ किलोमीटरने. जास्तीचा वेग घर्षणासाठी. आणि कधी धक्का कमी पडला तर गाडी माथ्याजवळ जाऊन मागे घसरत खाली येई! हा कोस्टर २०२४ साली बंद होऊन २०२५ मध्ये पाडण्यात आला. पण त्या मागे घसरणाऱ्या गाडीने आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. धक्का मिळाल्यानंतर तिला कोणी ओढत नव्हते. शिदोरी साखळीने दिली की धक्क्याने, हा तपशील झाला. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात 'नायट्रो' साखळीने चढतो आणि 'डीप स्पेस'ची गाडी अंधारात फेकली जाते, दोन्ही कोस्टरच.

मग 'ऊर्जा बाहेरून मिळते' असे म्हणावे काय? तेही पुरत नाही. शिकागोजवळचा 'व्हिझर' (१९७६) गाडीतच बसवलेल्या विजेच्या मोटारीने नागमोडी चढ चढतो. माथ्यावर मोटारीचे काम संपते आणि गाडी सुटते. तेव्हा मोटार गाडीत आहे की गाडीबाहेर, हा प्रश्नच नव्हे. ती कोठे थांबते, हा प्रश्न आहे.

५. सीमेवरील रहिवासी

आता जत्रेतील ड्रॅगन ट्रेनचा निकाल लावता येईल. तिच्यातील मोटार फेरी संपेपर्यंत गाडीला चालवीत राहते. उतारावर वेग थोडा वाढतो आणि चढावर कमी होतो, एवढेच. जर्मनीतील युरोपा पार्कमधील 'आल्पेनएक्स्प्रेस' (१९८४) ही तिची मोठी आणि दिमाखदार बहीण. अशा गाड्यांना जाणकार 'पॉवर्ड कोस्टर' असे स्वतंत्र नाव देतात. रूप कोस्टरचे, प्राण आगगाडीचा. आमच्या मते ती शेजारीण आहे, घरची नव्हे.

पाण्याच्या पन्हळीतून ओंडक्याच्या आकाराची होडी नेऊन उतारावरून पाण्यात सोडण्याचा खेळ टेक्सासमध्ये १९६३ साली सुरू झाला. उतार आहे, गुरुत्वाकर्षण आहे, वाहनही आहे. पण बहुतेक वाट होडी प्रवाहाबरोबर वाहत जाते. उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढासाठी वापरलाच जात नाही, तो खालच्या पाण्यात विरून जातो. पाण्याच्या घसरगुंडीवर तर वाहनच नसते. माणूसच वाहन होतो. उंच मनोऱ्यावरून सरळ खाली सोडणाऱ्या पाळण्यात गुरुत्वाकर्षण शुद्ध स्वरूपात आहे, पण वाटचाल नाही. जागच्या जागी पडणे आहे.

कॅलिफोर्नियातील 'सुपरमॅन : द एस्केप' (१९९७) हा खरोखर सीमारेषेवर उभा आहे. विद्युतचुंबकीय धक्क्याने सपाटीवरून निघालेली गाडी १२६ मीटरच्या मनोऱ्याकडे सरळ वर जाई आणि त्याच वाटेने मागे येई. वळण नाही, दुसरी टेकडी नाही. तरी धक्क्यानंतर ती आपल्या गतीवर वाट चाले, वेगाचे उंचीत आणि उंचीचे वेगात रूपांतर करी. म्हणून ती आत घ्यावी असे वाटते.

ब्रेक कोणाच्या हाती, हा आणखी एक फसवा मुद्दा. मेलबर्नमधील 'सीनिक रेल्वे' (१९१२) या कोस्टरवर ब्रेक लावणारा माणूस गाडीतच उभा असतो. डोंगरउतारावरील काही कोस्टरांत तर प्रत्येक प्रवाशाच्या हाती ब्रेक असतो. ब्रेक वेग काढून घेतो, देत नाही. त्यामुळे त्याने जात बदलत नाही.

६. लक्षण आणि पदकृत्य

एवढ्या चर्चेवरून पुढील लक्षण सिद्ध होते :

'करमणुकीसाठी बांधलेल्या, चढउताराच्या आखीव वाटेवरून प्रवाशांना घेऊन जाणारे, ठरावीक टप्प्यांवरच ऊर्जा मिळणारे आणि उरलेली वाट साठलेल्या ऊर्जेवर, गुरुत्वाकर्षणाच्या योगे, आपोआप चालणारे वाहन ज्यात असते तो रोलर कोस्टर होय.'

जुन्या टीकाकारांच्या पद्धतीने यातील प्रत्येक पदाचे प्रयोजन सांगता येते. 'करमणुकीसाठी' म्हटल्याने मॉक चंकच्या कोळशाच्या वाघिणी वगळल्या जातात. तोच मार्ग, तोच उतार, पण खेचरांचा प्रवास हा कोस्टर नव्हे. पुढे हौशी प्रवासी आले तेव्हा तोच मार्ग कोस्टरच्या घराण्यात आला. 'चढउताराच्या' म्हटल्याने आडवे चक्राकार पाळणे बाहेर राहतात. 'आखीव वाट' हे पद रुळांऐवजी घातल्याने डेटनची पन्हळ आत येते आणि मनोऱ्याचा पाळणा, जो वाट चालत नाही, बाहेर राहतो. 'वाहन' या पदाने घसरगुंडी टळते. 'ठरावीक टप्प्यांवरच' या पदाने माथेरानची गाडी व ड्रॅगन ट्रेन वगळल्या जातात. आणि 'एकदाच' न म्हटल्याने दोन-दोन चढाया किंवा अनेक धक्के असलेले कोस्टर आत राहतात. 'साठलेल्या ऊर्जेवर' या पदाने प्रवाहाबरोबर वाहणारी होडी टळते.

यावर तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणेल, की विट्गेन्श्टाइनने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'खेळ' या शब्दाचे उदाहरण घेऊन दाखवले, की एका नावाखाली येणाऱ्या सर्व वस्तूंत एकच समान धर्म असावा लागत नाही; कुटुंबातील माणसांसारखे त्यांच्यात उलटसुलट साम्य असले तरी पुरते. मग हा खटाटोप कशाला? आक्षेप वजनदार आहे. 'सुपरमॅन'सारख्या उदाहरणांनी त्याला पुष्टीही मिळते. पण सीमा धूसर आहे म्हणून मध्य धूसर ठरत नाही. तिन्हीसांज असते म्हणून दिवस आणि रात्र यांत भेद नाही, असे कोणी म्हणत नाही.

७. या व्याख्येने काय साधते?

केवळ शब्दांची कसरत म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु आपण ज्या धर्मावर बोट ठेवले, त्याच धर्मावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

ड्रॅगन ट्रेन चालवणाऱ्याने बटण बंद केले की गाडीचा जोर जातो आणि ती लवकरच थांबते. रोलर कोस्टर माथ्यावरून सुटला की त्याला बंद करण्याचे बटणच नसते. वीज गेली तरी गाडी धावतच राहते, कारण ती विजेवर धावत नसते. ती थांबवता येते ती केवळ वाटेत ब्रेक बसवलेल्या जागी. म्हणून, आगगाडीप्रमाणेच, कोस्टरच्या वाटेचे विभाग पाडतात आणि एका विभागात एका वेळी एकच गाडी असेल असा नियम ठेवतात. पुढचा विभाग मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. वीज गेल्यास ब्रेक आपोआप आवळले जावेत, अशी योजना असते.

इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स उद्यानातील 'स्मायलर' या कोस्टरवर २ जून २०१५ रोजी काय घडले ते पाहावे. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी वाऱ्याच्या दिवशी पुढचा चढ चढू शकली नाही आणि दोन चढांमधील खोलगटात अडकून पडली. मागून आलेल्या, प्रवाशांनी भरलेल्या गाडीला यंत्रणेने बरोबर थांबवले. परंतु यंत्रणेची ती सूचना चुकीची आहे असे समजून कर्मचाऱ्यांनी ती बाजूला सारली आणि गाडी पुढे सोडली. ती अडकलेल्या गाडीवर जाऊन आदळली. सोळा जण जखमी झाले, दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने चालक कंपनीला पन्नास लाख पौंड दंड केला.

या अपघातात रोलर कोस्टरचे लक्षण दोनदा प्रकट झाले. पहिली गाडी अडकली, कारण वाटेत तिची शिदोरी संपली आणि ती देणारे कोणी नव्हते. दुसरी थांबली नाही, कारण एकदा सोडल्यावर तिला थांबवणे कोणाच्याच हाती उरले नव्हते. आपल्याकडे २०१३ नंतर मोठे कोस्टर घाटाच्या पायथ्याशी आले आहेत आणि जत्रांतून ड्रॅगन ट्रेन तर गावोगाव फिरते. दोन्ही यंत्रे वरवर सारखी दिसतात, म्हणून दोन्हींची तपासणी सारखीच, असे मानणे धोक्याचे आहे. तपासणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की या गाडीला जोर कोठे मिळतो आणि कोठे मिळायचा थांबतो? उत्तर 'शेवटपर्यंत मिळतो' असे असेल तर मोटार, तारा आणि बटण पाहावे. 'माथ्यापर्यंतच' असे असेल तर ब्रेक, विभाग आणि गाड्यांमधील अंतर आधी पाहावे.

समारोप

गायीच्या उदाहरणात चुकीच्या लक्षणाने कोणाचे फारसे बिघडत नाही. शिंगांवरून गाय ओळखणाऱ्याला फार तर म्हशीचे दूध मिळेल. यंत्रांच्या बाबतीत तसे नाही. दिसणारी चिन्हे, म्हणजे उंची, वेग, वेढे, रूळ, ही शिंगांसारखी आहेत. पोळीसारखे असाधारण लक्षण एकच, ते म्हणजे जोर थांबल्यानंतर सुरू होणारा प्रवास. तर्कशास्त्राने शिकवलेली 'कशावरून?' विचारण्याची सवय वर्गाबाहेर नेली तर ती जत्रेच्या मैदानातही उपयोगी पडते.